ट्यूब ॲम्प आणि घरचे स्पीकर: जोडी जुळवण्याच्या नोंदी

स्पीकर आधीपासून घरात आहेत, त्यांना साजेसा ट्यूब (म्हणजे व्हॉल्व्ह) इंटिग्रेटेड ॲम्प निवडायचा आहे. स्पीकर टॉवर पद्धतीचे आहेत: साडेसहा इंची दोन वूफर, एक इंची डोम ट्वीटर आणि मागे पोर्ट (हवेसाठी भोक). मागच्या पट्टीवर ९० डीबी (ठराविक विजेला किती आवाज), ६ ओहम (विजेला स्पीकरचा अडथळा) असं छापलंय. खोली १४ बाय ११ फूट, छत ९ फुटांवर, बसायची जागा स्पीकरपासून ९ फूट. ऐकणं बहुतेक शास्त्रीय गायन आणि नाट्यसंगीताचं, म्हणजे तानपुरा, हार्मोनियम, तबला.

९ मार्च

आधी पट्टीवरचा ९० डीबीचा आकडा तपासला. तो २.८३ व्होल्टला दिलेला आहे, एका वॅटला नाही. ८ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे १ वॅट. ४ ओहमच्या स्पीकरला तेवढाच व्होल्टेज म्हणजे २ वॅट. हा स्पीकर खालच्या पट्टीत ४ ओहमच्या आसपास वागत असेल, तर प्रत्यक्षात तो ८७ डीबीचाच. ट्यूब ॲम्प घेणारे बहुतेक जण इथेच फसतात.

हिशेब असा मांडला. दोन स्पीकर मिळून ३ डीबी वाढतात, भरलेल्या खोलीत ९ फुटांवर साधारण ६ डीबी जातात. म्हणजे २.८३ व्होल्टला खुर्चीपाशी ८७ डीबी. सरासरी ७८ डीबीवर ऐकायचं आणि तबल्याच्या थापेला वर १८ डीबी जागा ठेवायची, तर शिखर ९६ डीबी. आणखी ९ डीबी हवेत, म्हणजे व्होल्टेज २.८ पट: ८ व्होल्ट. पुढची सगळी निवड या ८ व्होल्टवर.

८ ओहमवर ८ व्होल्ट म्हणजे बरोबर ८ वॅट. ३००बी या ट्यूबचा सिंगल-एंडेड (चॅनेलमागे एकट्या आउटपुट ट्यूबचा) ॲम्प नेमका तेवढेच देतो, त्यामुळे कागदावर तो पुरेसा वाटतो. पण स्पीकर ८ ओहमचा असला तरच.

१६ मार्च

इम्पिडन्स, म्हणजे वेगवेगळ्या वारंवारतेला स्पीकरचा अडथळा, मोजला. साहित्य: यूएसबी साउंड कार्ड, १०० ओहमचा एक टक्का रेझिस्टर, आरईडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर. रेझिस्टर स्पीकरच्या सिरीजमध्ये, एक इनपुट रेझिस्टरच्या आधी, दुसरा नंतर. मोजण्याआधी कॅलिब्रेशन करणं सक्तीचं. ते न करता घेतलेल्या पहिल्या आलेखात सगळे आकडे दीडपट आले आणि दुपार वाया गेली. खात्रीसाठी स्पीकरच्या जागी साधा १० ओहमचा रेझिस्टर लावा. आलेख १० वर सपाट आला तरच पुढे जा.

निघालेले आकडे:

२४ हर्ट्झ: १६ ओहम
३८ हर्ट्झ (पोर्टचं ट्यूनिंग): ४.२
६६ हर्ट्झ: २१
१६५ हर्ट्झ: ३.४, सगळ्यात कमी
५०० हर्ट्झ: ४.५
२१०० हर्ट्झ (क्रॉसओव्हर, वूफर आणि ट्वीटरमधली हद्द): १९
१०,००० हर्ट्झ: ५.५

"६ ओहम" ही छापील सरासरी. डग्ग्याचा आणि पुरुषी खर्जाचा बराचसा जोर १०० ते २५० हर्ट्झमध्ये असतो, आणि तिथे स्पीकर साडेतीन ओहमवर उतरतोय. ८ व्होल्टला ३.४ ओहममध्ये २.३५ अँपिअर जातात, म्हणजे जवळपास १९ वॅट. ८ वॅटवाला इथेच बाद व्हायला हवा होता. तरी प्रत्यक्ष लावून पाहायचं ठरलं, कारण उसना मिळत होता.

उलट उदाहरण म्हणजे बीबीसीसाठी १९७० च्या दशकात आखलेला एलएस३/५ए. संवेदनशीलता ८३ डीबीच्या आसपास, तरी छोट्या ट्यूब ॲम्पवर वर्षानुवर्षं वापरला गेला. सुरुवातीचा स्पीकर १५ ओहमचा, नंतरचा ११ चा. तो करंट फार मागत नाही.

२३ मार्च

आता ॲम्पची बाजू. तीन ॲम्प तपासायचे होते: ३००बी सिंगल-एंडेड (८ वॅट), ईएल८४ पुश-पुल, म्हणजे ट्यूबची जोडी आलटूनपालटून ढकलणारा (१२ वॅट), ईएल३४ पुश-पुल (छापील ४० वॅट). तिघांचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे ॲम्पचा स्वतःचा आतला अडथळा, मोजायचा.

डमी लोडसाठी (स्पीकरऐवजी लावायचा भार) ८ ओहम, ५० वॅटचे ॲल्युमिनियम कवचाचे दोन रेझिस्टर घेतले. एकटा ८, सिरीजमध्ये १६, पॅरलल ४. तिन्ही कामं दोघांत होतात. ते जाड ॲल्युमिनियमच्या पट्टीवर स्क्रूने कसा आणि मध्ये हीटसिंक पेस्ट लावा. नुसते टेबलावर ठेवले तर छापील वॅटेजच्या निम्माही भार ते झेपवत नाहीत.

ट्यूब ॲम्प लोडशिवाय चालवू नये. आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळून इन्सुलेशन जाऊ शकतं. म्हणून 'उघडं आणि लोडवर' अशी नेहमीची पद्धत सोडली आणि ८ व १६ ओहम असे दोन लोड वापरले. ८ ओहमच्या टॅपवर (८ ओहमच्या स्पीकरसाठीची ॲम्पची जोडणी), १ किलोहर्ट्झला, ८ ओहम लोडवर बरोबर २ व्होल्ट ठेवायचे, मग व्हॉल्यूमला हात न लावता १६ ओहम लावायचा. व्होल्टेजमधला फरक भागिले करंटमधला फरक म्हणजे आउटपुट इम्पिडन्स. लोड बदलताना ॲम्प बंद ठेवा.

३००बी: १६ ओहमवर २.२८ व्होल्ट. फरक ०.२८ व्होल्ट, करंट ०.२५ वरून ०.१४२५ अँपिअर. उत्तर २.६ ओहम.
ईएल३४: १६ ओहमवर २.१०७ व्होल्ट. उत्तर ०.९ ओहम.
ईएल८४ साधारण ईएल३४ इतकाच.

मीटर खरा आरएमएस हवा. स्वस्त मल्टिमीटर १ किलोहर्ट्झला चुकीचं वाचतात. अशा मीटरने मोजायचं तर ४०० हर्ट्झचा टोन वापरा.

३० मार्च

३००बी जोडला. सुरुवातीची दहा मिनिटं मोहात पाडणारी: स्त्री-आवाज आणि तानपुऱ्याची जवारी फार सुंदर. मग तबला सुरू झाला आणि डग्गा घुमायला लागला. प्रत्येक घुमारा एकाच सुराकडे ओढला जात होता, वादकाने मनगट दाबून मींड घेतली तरी.

कारण आकड्यांत आहे. आउटपुट इम्पिडन्स आणि स्पीकर मिळून व्होल्टेज विभागणारी जोडी होते. २.६ ओहमचा ॲम्प असताना ३.४ ओहमवर ४.९ डीबी पडतात, २१ ओहमवर फक्त १. म्हणजे ६६ हर्ट्झ हे १६५ हर्ट्झच्या तुलनेत ३.९ डीबीने वर. त्यात खोलीचं छत ९ फूट, त्याचा अनुनाद ६२ हर्ट्झच्या आसपास. दोन्ही एकावर एक बसले. २१०० हर्ट्झचा उंचवटाही जवळपास तेवढाच, ३.८ डीबी, हार्मोनियम जरा किनरा लागत होता तो त्यामुळे.

४ ओहमच्या टॅपवर आउटपुट इम्पिडन्स निम्मा, १.३. फरक २.३ डीबीवर आला, घुमणं बरंच कमी झालं. पण व्होल्टेजही ३ डीबीने खाली गेलं आणि थापेवर आवाज बसू लागला. ३००बी बाजूला ठेवला.

५ एप्रिल

ईएल८४. ४ ओहमच्या टॅपवर ४ ओहम डमी लावून ऑसिलोस्कोपवर शिखर कधी सपाट होतं ते पाहिलं: ६.९ व्होल्ट, म्हणजे पूर्ण १२ वॅट. हवेत ८. कमतरता सव्वा डीबीची, ऐकायला क्षुल्लक वाटते. नेहमीच्या आवाजात काही खटकत नाही, पण द्रुत लयीत तबला पुढे आला की थाप बोथट होते. हेच स्पीकर ९ बाय १० च्या खोलीत असते, बसणं ६ फुटांवर असतं, तर हाच ॲम्प घ्यावा असं म्हटलं असतं. किंमत कमी, उष्णता कमी, व्हॉल्व्ह स्वस्त.

१३ एप्रिल

३००बी सोडवत नव्हता, म्हणून स्पीकरलाच सरळ करायचा प्रयत्न. क्रॉसओव्हरचा १९ ओहमचा उंचवटा खाली आणण्यासाठी स्पीकरच्या टर्मिनलवर कॅपॅसिटर, कॉइल आणि रेझिस्टर असं सिरीज नेटवर्क आडवं लावतात. ते फक्त उंचवट्याच्या जागी करंट खातं.

पहिली जोडी: ३३ मायक्रोफॅरड, ०.१८ मिलिहेन्री, ८.२ ओहम. वारंवारता बरोबर २०६५ हर्ट्झ, तरी फसलं. कॅपॅसिटर मोठा आणि कॉइल लहान असल्याने नेटवर्क फार रुंद पसरलं आणि ५०० हर्ट्झला ४.५ चा स्पीकर ३.५ ओहमवर आला. म्हणजे एक खड्डा बुजवताना दुसरा खणला. वारंवारता जुळली की झालं असं नाही. कॉइल आणि कॅपॅसिटरचं आपसातलं प्रमाण रुंदी ठरवतं.

१९ एप्रिल

दुसरी जोडी: १५ मायक्रोफॅरड पॉलिप्रॉपिलीन (२५० व्होल्ट), ०.३९ मिलिहेन्री एअर-कोअर, ८.२ ओहम १० वॅट वायरवाउंड. कॉइलचा स्वतःचा ०.४ ओहम धरून ८.६. आता २१०० हर्ट्झला ५.९ ओहम आणि ५०० हर्ट्झला ४.१. वक्र नीट बसला. ३००बीवर हार्मोनियमचा किनरेपणा गेला.

डग्गा मात्र तसाच. ६६ हर्ट्झचा उंचवटा असा दाबायचा तर शेकडो मायक्रोफॅरड आणि कित्येक मिलिहेन्री लागतात. कॉइल जड, महाग, तिचा स्वतःचा रेझिस्टन्सही त्रासदायक. तिथे ॲम्पचाच आउटपुट इम्पिडन्स कमी हवा. ३००बीचा विचार इथे संपला.

२७ एप्रिल

ईएल३४ पुश-पुल घेतला, वापरलेला. चॅसिसखाली छापलंय: २२० व्होल्ट, ५० हर्ट्झ. घरच्या सॉकेटमध्ये संध्याकाळी २४५ व्होल्ट, दुपारी २३२.

परदेशातून आलेल्या बऱ्याच ॲम्पना हे लागू आहे, म्हणून सविस्तर. २४५ व्होल्टवर हीटरला (व्हॉल्व्हमधली तापणारी तार) ६.३ ऐवजी ७.० व्होल्ट मिळत होते. दहा टक्क्यांची सूट धरली तरी मर्यादा ६.९३. हाय टेन्शन (प्लेटला जाणारं उच्च व्होल्टेज) ४७५ व्होल्ट, प्रत्येक ईएल३४ मधून ४७ मिलिअँपिअर, म्हणजे २२ वॅट. या व्हॉल्व्हची प्लेटची मर्यादा २५. चालतो, पण आयुष्य झपाट्याने जातं. जुळवलेल्या चार ईएल३४ चा संच बारा हजारांच्या घरात जातो, हे लक्षात ठेवा.

खरेदीआधी विचारायची गोष्ट: मेन्स ट्रान्सफॉर्मरला २४० चा टॅप आहे का? असेल तर एक वायर हलवून काम होतं. यात नव्हता.

३ मे

तीन पर्याय. रिलेवाला स्टॅबिलायझर: टप्प्याटप्प्याने उडी मारतो, प्रत्येक उडीला स्पीकरमधून टक ऐकू येतं. डिमरस्टॅट (खुंटी फिरवून व्होल्टेज बदलणारा ट्रान्सफॉर्मर): उत्तम, पण मोठा, आणि घरात कुणाचा धक्का लागून फिरला तर २७० व्होल्टसुद्धा देऊ शकतो. तिसरा: साधा १८ व्होल्ट, ३ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर उलटा जोडून व्होल्टेज वजा करणं. तोच केला.

जोडणी: प्रायमरी थेट मेन्सवर. सेकंडरी फेजच्या वायरमध्ये सिरीजमध्ये, ॲम्पच्या आधी. न्यूट्रल आणि अर्थ सरळ. आधी २ अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज. सगळं पत्र्याच्या बंद, अर्थ केलेल्या डब्यात.

ॲम्प लावण्याआधी आउटपुट मोजा. सेकंडरीची दिशा उलटी असेल तर व्होल्टेज कमी होण्याऐवजी वाढतं; पहिल्यांदा २६६ दिसले. सेकंडरीच्या दोन वायरींची अदलाबदल केली, २२४ आले. कागदावर २२७ यायला हवे होते. १८ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर पूर्ण भारावर १८ देतो, भार नसताना वीस-एकवीस; शिवाय मेन्स २३० नसून २४५, हा तो फरक. ॲम्प जोडल्यावर २२३. हीटर ६.४ व्होल्ट. दुपारी २३२ असताना ॲम्पला २११ मिळतात, हीटर ६.०, तेही चालतं. मेन्स २१५ च्या खाली जाणाऱ्या गावात मात्र हा डबा लावू नका, किंवा बायपास स्विच ठेवा.

मेन्स वायरिंगची सवय नसेल तर इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

४ मे

बायस, म्हणजे आवाज नसताना प्रत्येक व्हॉल्व्हमधून किती करंट जायचा ते ठरवणं. ॲम्पच्या आत ४३० व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये राहतात. ४.७ किलोओहम १० वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपने लावून डिस्चार्ज करायचा, मग मीटरने १० व्होल्टच्या खाली आल्याची खात्री. एक हात खिशात.

या ॲम्पमध्ये प्रत्येक व्हॉल्व्हच्या कॅथोडला १० ओहम आहे, बाहेर टेस्ट पॉइंट आहेत. ३८० मिलिव्होल्ट म्हणजे ३८ मिलिअँपिअर. प्लेटवर ४३२ व्होल्ट, म्हणजे १६.४ वॅट, मर्यादेच्या ६६ टक्के. ७० टक्क्यांच्या वर जायचं कारण नाही. कॅथोडच्या करंटमध्ये स्क्रीनचा करंटही येतो, त्यामुळे प्लेटचा खरा आकडा थोडा कमीच.

अर्धा तास गरम झाल्यावर बायस लावा. एक व्हॉल्व्ह हलवला की बाकीचे तीन सरकतात. दोन फेऱ्या लागतात.

११ मे

४ की ८ ओहमचा टॅप. पट्टीवरच्या ६ ओहमवर विश्वास ठेवला तर हा प्रश्न सुटत नाही; मोजलेल्या ३.४ वर सुटतो.

८ च्या टॅपवर आउटपुट इम्पिडन्स ०.९, ६६ आणि १६५ हर्ट्झमधला फरक १.७ डीबी. ४ च्या टॅपवर ०.४५, फरक ०.९ डीबी. ४ ओहम डमीवर शिखर ११.६ व्होल्टला सपाट झालं, म्हणजे ३३ वॅटच्या वर (छापील ४० नव्हे). हवेत ८. तीन डीबीहून जास्त शिल्लक.

डग्ग्याची मींड आता सूर बदलताना ऐकू येते. ३००बीचा तो मधला ओलावा इथे नाही, हे खरं आहे. जे उरलंसुरलं घुमणं होतं ते स्पीकर मागच्या भिंतीपासून एक फुटावरून सव्वादोन फुटांवर आणल्यावर गेलं.

क्रॉसओव्हरचं नेटवर्क काढून ठेवलं. ०.४५ ओहमवर त्याने अर्धा डीबीसुद्धा फरक पडत नाही.

१८ मे

गुणगुण. स्पीकर टर्मिनलवर ४.५ मिलिव्होल्ट, रात्री खुर्चीपर्यंत ऐकू येतं. इनपुट शॉर्ट केल्यावर ०.६. म्हणजे ॲम्प निर्दोष, गडबड बाहेरून. एकेक केबल काढत गेल्यावर सेट-टॉप बॉक्स सापडला: त्याच्या डिश केबलचं अर्थिंग आणि ॲम्पचं अर्थिंग मिळून लूप. बॉक्सचा ऑडिओ ऑप्टिकल केबलने डॅकला (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणारं यंत्र) दिला, ०.६ वर आलं.

ॲम्पची अर्थ पिन काढून लूप तोडण्याचा सल्ला सर्रास मिळतो. ४३० व्होल्टच्या लोखंडी डब्याला अर्थ नसणं म्हणजे काय, हे सांगायला नको. ९९ डीबीचे हॉर्न स्पीकर असतील त्यांनी हे ०.६ मिलिव्होल्टसुद्धा आधी तपासावेत. तिथे तेच ९ डीबीने मोठं ऐकू येईल.

२५ मे

डॅक २ व्होल्ट देतो, ॲम्पला पूर्ण पॉवरसाठी ०.३ व्होल्ट पुरतात. व्हॉल्यूमची खुंटी जेमतेम हलते आणि त्या भागात पोटेन्शिओमीटरचे दोन चॅनेल जुळत नाहीत. गायक डावीकडे सरकतो. इनपुटला ६.८ किलोओहम सिरीज आणि ३.३ किलोओहम ग्राउंडला, दोन्ही चॅनेलला. १० डीबी कमी करणारा हा अटेन्युएटर. रेझिस्टर आरसीए प्लगच्या आतच मावतात. आता खुंटी मध्याच्या आसपास असते.

१ जून

टीव्हीच्या कपाटाच्या बंद खणात दीड तासात ट्रान्सफॉर्मरचं कवच ६८ अंश. वर उघडं ठेवल्यावर, खोली ३४ अंश असताना, ५४. व्हॉल्व्हच्या वर किमान एक फूट मोकळं. साधारण १८० वॅट सतत खाणारं यंत्र आहे. मे महिन्यात पंखा लागतो आणि पंख्याचा आवाज तानपुऱ्यात मिसळतो. याला उपाय नाही.

१३ जुलै

पावसाने वीज जाते तेव्हा ॲम्प इन्व्हर्टरवर गेला तर काय होतं ते पाहिलं. जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर: हीटर नेहमीसारखेच पेटतात, पण हाय टेन्शन जवळपास ३० टक्क्यांनी खाली, कारण रेक्टिफायर वेव्हच्या शिखरावर भरतो आणि स्क्वेअर वेव्हला साइनइतकं शिखर नसतं. ट्रान्सफॉर्मर करकरतो, पॉवर निम्म्यावर. ॲम्पचा सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवरून काढला.

बायस पुन्हा तपासला: ३८० चे ३७२, ३७९, ३८४, ३६८. परत ३८० वर.

आतापर्यंतचा खर्च. ॲम्प ७८,०००. डमी लोड आणि पट्टी ८००. मेन्सचा ट्रान्सफॉर्मर ६५०, डबा, सॉकेट, फ्यूज ९००. फसलेलं पहिलं नेटवर्क १,९००, बरोबर आलेलं पण न लागलेलं दुसरं १,७००. अटेन्युएटरचे रेझिस्टर ६०. साउंड कार्ड होतंच. दुसऱ्या नेटवर्कचे भाग डब्यात पडून आहेत; १५ मायक्रोफॅरडचे कॅपॅसिटर चांगले आहेत, पुढच्या क्रॉसओव्हरला वापरता येतील.